रुग्णाला एकदा जमिनीवरून उठायला सांगा: फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी संधिवाततज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या नावापुढे एमबीबीएस असो, बीएएमएस असो वा बीएचएमएस, हे पत्र तुमच्यासाठी आहे. मला ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्याचा रुग्ण माझ्याकडे थेट येत नाही. तो आधी तुमच्याकडे येतो, मग हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, मग कुणी सुचवलं म्हणून पोटाच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे. फिरत फिरत माझ्याकडे पोचतो तोवर महिने उलटलेले असतात. त्या महिन्यांत मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू झिजून त्यांच्या जागी चरबी भरत गेलेली असते. तो स्नायू मला कुठल्याही औषधाने परत आणता येत नाही. म्हणून ही विनंती करायला बसले आहे.

आजाराचं नाव मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते, आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर त्वचेवर, फुप्फुसांवर, सांध्यांवरही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अभिनेत्री समंता रुथ प्रभू यांनी आपल्याला मायोसायटिस असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा शब्द पहिल्यांदा घराघरांत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुहानी भटनागर या १९ वर्षांच्या अभिनेत्रीचं दिल्लीच्या एम्समध्ये निधन झालं. तिला डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे त्वचेवरही खुणा उमटणारा मायोसायटिस होता, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. काही दिवस बातम्या आल्या, रुग्ण विचारू लागले, मग विषय मागे पडला. आजार विरळ आहे हे खरं. जगभरच्या पाहण्यांत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण दहाच्या आत-बाहेर नवे रुग्ण सापडतात. पण २०११ च्या जनगणनेतच आपलं राज्य ११ कोटींच्या पुढे होतं. या हिशेबाने दर वर्षी महाराष्ट्रात हजाराच्या आसपास माणसांना हा आजार नव्याने होत असणार, आणि त्यांतली जवळपास सगळी आधी कुणा ना कुणा फॅमिली डॉक्टरच्या बाकावर बसून जात असणार.

त्या बाकावर बसून ती सांगतात, "डॉक्टर, अंगात ताकदच नाही." हे वाक्य तुम्ही दिवसातून दहा वेळा ऐकता. अर्धे जण पुढे "एखादी सलाईन लावा" असंही म्हणतात. तुम्ही हिमोग्लोबिन पाहता, लोहाच्या गोळ्या देता, बी-१२ ची इंजेक्शनं आणि डी-३ चं पाकीट लिहून देता. त्यात गैर काहीच नाही. आपल्याकडे या कमतरता खरोखरच सर्रास आहेत आणि दहातल्या नऊ जणांना त्याने बरंही वाटतं. प्रश्न दहाव्याचा आहे. त्याला गर्दीतून वेगळं कसं काढायचं?

माझा अनुभव असा की "थकवा येतो का" या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. "कोणतं काम करता येईनासं झालं?" असं विचारा. थकलेला माणूस सगळी कामं करतो, कुरकुरत करतो. मायोसायटिसच्या रुग्णाचं एखादं ठराविक काम अडतं, मग दुसरं. खाली मांडी घालून जेवायला बसल्यावर उठता येत नाही. देशी संडासातून उठताना नळाला धरावं लागतं आणि घरात कमोडची मागणी सुरू होते. एसटीची पहिली पायरी चढताना कंडक्टरला हात द्यावा लागतो. वेणी घालताना हात वर ठेववत नाहीत, दोरीवर कपडे टाकता येत नाहीत, फडताळावरचा डबा काढता येत नाही. खुरपायला उकिडवं बसलेली बाई दोन्ही हात जमिनीला टेकल्याशिवाय उभी राहू शकत नाही. देवापुढे वाकून नमस्कार केलेले आजोबा तसेच राहतात आणि नातवाला हाक मारतात. रात्री कूस बदलताना कुणाला तरी उठवावं लागतं. हे सगळं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, दोन्ही बाजूंना सारखं, आणि बहुतेक वेळा फारसं न दुखता होतं. फारसं दुखत नाही म्हणूनच तर घरचे लक्ष देत नाहीत.

विचारून झालं की तपासा. दोन मिनिटं लागतात. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगा. ते जमलं तर खाली बसवून उठायला सांगा. मांडीवर हात टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा रुग्ण उठत असेल तर तिथेच थांबा आणि विचार करा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरायला लावून वरून दाबून पाहा. पाठीवर झोपवून मान उचलायला सांगा आणि कपाळावर दोन बोटांनी हलका विरोध करा. मान उचलणारे स्नायू या आजारात लवकर दुबळे होतात आणि ते कुणी सहसा तपासत नाही. संवेदना शाबूत आहेत ना, मुंग्या किंवा बधिरपणा नाही ना, हेही पाहा. बधिरपणा असेल तर गाडी मज्जातंतूंकडे वळते. संवेदना ठीक, पण मांड्या आणि खांदे दुबळे, तर स्नायूंचा विचार पहिला.

हे न करता रुग्ण कंबरेच्या एमआरआयला गेला, की तो हमखास अडकतो. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये एखादी चकती थोडी सरकलेली दिसतेच. मग पायांतल्या अशक्तपणाचं खापर कंबरेवर फुटतं, पट्टा आणि ट्रॅक्शन सुरू होतं, आणि खांद्यांचं काय हा प्रश्न कुणाला पडत नाही. मणक्यातली चकती खांदे दुबळे करून मांड्याही दुबळ्या करत नाही, तेही बधिरपणाशिवाय.

आता मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त कळकळ आहे ती. एसजीओटी आणि एसजीपीटी. ही दोन्ही एन्झाइम यकृतात असतात तशीच स्नायूंतही असतात. स्नायूंच्या पेशी फुटल्या की ती रक्तात येतात. पण आपण ज्या छापील कागदावर रिपोर्ट वाचतो त्यावर वर लिहिलेलं असतं "लिव्हर फंक्शन टेस्ट", आणि तिथेच निदान होऊन जातं. एसजीपीटी दीडशे, एसजीओटी तीनशे, म्हणजे लिव्हरला सूज. रुग्णाची हळद आणि तेल बंद होतं, लिव्हरचं टॉनिक सुरू होतं, नातेवाईक त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन झाडपाला देतात. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी दिसली की सगळ्यांची खात्रीच पटते. असे रुग्ण माझ्याकडे हेपटायटिसच्या सगळ्या तपासण्यांची जाडजूड फाइल घेऊन येतात आणि त्या फाइलमध्ये सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची तपासणी, एकदाही केलेलं नसतं.

तोच कागद जरा वेगळ्या नजरेने वाचा. बिलिरुबिन नॉर्मल आहे, अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल आहे, एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त आहे, आणि माणूस म्हणतोय जिना चढवत नाही. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम तपासून पाहिलं तर तेही नॉर्मल येतं, कारण ते स्नायूंत जवळजवळ नसतंच. अशा प्रत्येक रिपोर्टखाली कृपा करून सीपीके लिहा. तालुक्याच्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होणारी तपासणी आहे. नॉर्मलची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये दोनशेच्या आसपास असते, मायोसायटिसमध्ये हा आकडा हजारांत जातो, कधी दहा हजारांच्याही वर. यकृताच्या आजाराने सीपीके वाढत नाही.

सीपीके वाचताना मात्र थोडी सावधगिरी हवी. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन दिल्यानंतर ते थोडं वाढतं, म्हणून रक्त आधी घ्या आणि बी-१२ नंतर टोचा. कबड्डी खेळून आलेल्या किंवा नव्याने जिमला जाऊ लागलेल्या मुलाचं सीपीके वाढलेलं असू शकतं. थायरॉइड कमी पडलं तरी सीपीके वाढतं आणि मांड्याही दुबळ्या होतात, तेव्हा टीएसएच सोबतच करा. त्या रुग्णाला थायरॉइडच्या गोळीनेच बरं वाटेल. आणि उलट बाजूही लक्षात असू द्या. त्वचेवर या आजाराच्या खुणा असतील तर सीपीके नॉर्मल आलं म्हणून मायोसायटिस नाही असं समजू नका. आणखी एक गंमत नसलेली गोष्ट: सीपीके-एमबी आणि ट्रोपोनिन-टी या हृदयविकारासाठी होणाऱ्या तपासण्याही दाहामुळे बिघडलेल्या स्नायूंमुळे वाढू शकतात, त्यामुळे हृदयविकार समजून रुग्ण थेट अतिदक्षता विभागात भरती होतात. अशा वेळी ट्रोपोनिन-आय जास्त भरवशाचं. हृदयालाही हा आजार होतो, म्हणून ईसीजी टाळू नये.

त्वचेबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण पुस्तकातले फोटो आपल्याला फसवतात. त्यात गोऱ्या कातडीवर पापण्यांचा जांभळा-गुलाबी रंग छान दिसतो. आपल्या सावळ्या रुग्णांच्या पापण्यांवर तो काळपट, तपकिरी, फार तर किंचित जांभळट दिसतो, सोबत पापण्यांना सूज असते, आणि "झोप झाली नाही वाटतं" म्हणून तो सोडून दिला जातो. गालांवरचा डाग वांग म्हणून मलमाने रगडला जातो. फरक असा, की वांग पापण्यांवर सहसा येत नाही आणि त्याला खाजही नसते. डर्मॅटोमायोसायटिसची खाज मात्र रात्रीची झोप उडवते. डोक्यात खाज आणि खवले येतात, त्याला कोंडा म्हटलं जातं. गळ्याखाली, मानेमागे, खांद्यांवर, साडी नेसणाऱ्या बाईच्या पाठीवर ब्लाउजच्या गळ्याच्या आकारात काळवंडलेला पट्टा दिसतो आणि तो उन्हातल्या कामाच्या खाती जमा होतो.

म्हणून हात पाहा. रुग्णाचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून घ्या. बोटांच्या पेरांवर, नेमके सांध्यांच्या वर, उंचवटे किंवा खरबरीत डाग आहेत का? ल्युपस या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजारात डाग पेरांच्या मधल्या जागेत येतात, इथे पेरांवरच येतात. कोपरांवर आणि गुडघ्यांवरही येतात. नखांच्या मुळाशी कातडी फाटल्यासारखी, लालसर रेषा दिसणारी आहे का? मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं तरी कळतं. मग हात उताणे करा. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडा भेगाळून मेकॅनिकच्या हातासारख्या झाल्या आहेत का? भांडी घासणाऱ्या बाईला आपण साबणाची पावडर बदलायला सांगतो आणि शेतकऱ्याला व्हॅसलीन. पण हे हात, त्यासोबत ताप, सांधेदुखी आणि कोरडा खोकला, एवढं एकत्र दिसलं तर अँटीसिंथेटेज सिंड्रोम या मायोसायटिसच्या प्रकाराचा विचार करायलाच हवा. त्यात फुप्फुसं कडक होत जातात. आपल्याकडे खोकला, ताप आणि एक्स-रेवर सावली दिसली की क्षयाची औषधं सुरू होतात. क्षय तर आहेच आपल्या गावांत, पण थुंकीच्या तपासणीत जंतू न सापडता, सावली दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी असेल आणि औषधं चालू असताना दम वाढतच असेल, तर हातांकडे पुन्हा पाहा.

कोविडपासून तुमच्या प्रत्येकाच्या टेबलावर ऑक्सिमीटर आहे. या आजारात त्याचा फार मोठा उपयोग होतो. बसलेल्या रुग्णाचं रीडिंग घेऊन थांबू नका. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात दोन-तीन मिनिटं चालवा आणि पुन्हा बघा. आकडा चारने किंवा त्याहून खाली उतरत असेल तर फुप्फुसांचा सीटी स्कॅन आठवड्याभराने करायची गोष्ट नाही. एमडीए-५ नावाची अँटीबॉडी (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेलं प्रथिन) रक्तात असलेला या आजाराचा एक प्रकार आहे. त्यात स्नायू फारसे दुबळे होत नाहीत, सीपीके नॉर्मल असू शकतं, तळहातांवर दुखरे फोड किंवा व्रण येतात, तोंडात छाले येतात, आणि फुप्फुसं काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात. असा रुग्ण दिसला तर चिठ्ठी देऊन पाठवू नका, आधी फोन करा. तसंच ज्याला पाणी पिताना ठसका लागतोय, पाणी नाकातून येतंय, आवाज बदललाय, त्यालाही त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचवायला हवं. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होणं हे या आजारातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे.

आणि एक आर्जव. निदान होण्याआधी स्टेरॉइड देऊ नका. मला ठाऊक आहे, अंग दुखणाऱ्या, सांधे सुजलेल्या माणसाला डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी तो हसत येतो. पण या आजाराला ते प्रमाण अजिबात पुरत नाही. दोन आठवडे बरं वाटतं, सीपीके अर्ध्यावर येतं, पुरळ फिकं पडतं, बायोप्सीत दिसायचं ते पुसट होतं, आणि आजार आतून चालूच राहतो. दम लागलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या रुग्णाची गोष्ट वेगळी, पण तिथेही निर्णय फोनवर मिळून घेऊ.

निदान नक्की करताना आम्ही काय करतो तेही सांगते, म्हणजे रुग्ण तुम्हाला विचारेल तेव्हा उत्तर देता येईल. १९७५ मध्ये बोहान आणि पीटर यांनी पाच गोष्टींवर आधारलेले निकष मांडले: मांड्या-खांद्यांचा दुबळेपणा, वाढलेली एन्झाइम, ईएमजी (स्नायूंच्या विद्युत लहरींची तपासणी), स्नायूची बायोप्सी आणि त्वचेच्या खुणा. २०१७ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संघटनांनी मिळून नवे निकष आणले. आता मांड्यांच्या एमआरआयमध्ये सूज कुठे आहे ते दिसतं आणि रक्तातल्या अँटीबॉडींवरून पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज येतो. इथे दोन गोष्टी तुमच्यासाठी. पहिली, "एएनए निगेटिव्ह" असा (अशा अँटीबॉडींच्या सर्वसाधारण तपासणीचा) रिपोर्ट पाहून रुग्णाला निर्धास्त करू नका. यांतल्या कित्येक अँटीबॉडी त्या तपासणीत उमटतच नाहीत. दुसरी, बायोप्सी गावातल्या सर्जनकडून करवून तुकडा नेहमीसारखा फॉर्मलीनमध्ये टाकला तर निम्मी माहिती जाते. तो ताजा गोठवावा लागतो, आणि ती सोय मोजक्याच मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत आहे. त्यापेक्षा रुग्णालाच तिथे पाठवलेलं बरं.

सीपीके वाढलेला प्रत्येक जण मायोसायटिसचा नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. विशी-पंचविशीचा तरुण, सीपीके पाच-दहा हजार, पोटऱ्या बारीक होत चाललेल्या, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहता येत नाही, त्रास दोन-तीन वर्षं हळूहळू वाढतोय: इथे डिसफर्लिन या प्रथिनाचा अनुवंशिक आजार असू शकतो. आई-वडिलांचं लग्न नात्यात झालंय का, हे विचारा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं. अशा मुलांना पॉलिमायोसायटिस (त्वचेच्या खुणांशिवायचा मायोसायटिस) म्हणून वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिलेलं मी पाहिलं आहे. स्नायू तर सुधारला नाहीच, साखर आणि हाडं मात्र गेली. पन्नाशी उलटलेला पुरुष सारखा गुडघ्यात लचकून पडतोय आणि मूठ घट्ट मिटत नाही, असं असेल तर इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसचा विचार करा. त्याला स्टेरॉइडने फरक पडत नाही आणि सीपीके थोडंसंच वाढलेलं असतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने अंग दुखणं नेहमीचं आहे, गोळी बंद केली की ते थांबतं. गोळी बंद करूनही दुबळेपणा वाढतच असेल आणि सीपीके हजारांत असेल तर मात्र तो वेगळा, प्रतिकारशक्तीचाच आजार आहे. त्याला जोरकस उपचार लागतात.

उपचार सुरू झाले की रुग्ण पुन्हा तुमच्याकडेच येणार आहे. माझ्याकडे महिना-दोन महिन्यांनी, तुमच्याकडे दर आठवड्याला. सुरुवात साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम, आणि ते काही महिन्यांत हळूहळू उतरवायचं असतं. चेहरा सुजला, शेजारीण म्हणाली स्टेरॉइड वाईट, म्हणून रुग्ण ते एका दिवसात बंद करून तुमच्याकडे येईल. त्याला तुम्हीच समजावू शकता, मी लांब आहे. साखर, रक्तदाब आणि कॅल्शियम तुमच्या हातात सोपवते.

सोबत बहुतेकांना मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध असतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावतो. कृपा करून प्रत्येक भेटीत विचारा की गोळी कोणत्या वारी घेता, आणि चिठ्ठीवर तो वार मराठीत लिहा. या रुग्णांना लघवीच्या संसर्गासाठी सहज म्हणून को-ट्रायमोक्साझोल देऊ नका; मेथोट्रेक्सेटसोबत ते रक्तपेशींवर घात करू शकतं. अझाथायोप्रिन चालू असलेल्याला युरिक ॲसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट देणं तितकंच धोक्याचं. मूल हवं असलेल्या स्त्रीला मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट कितीतरी आधी थांबवावं लागतं, हे तिला लग्न ठरतानाच माहीत असायला हवं. ताप आला तर "व्हायरल आहे" म्हणून तीन दिवस थांबू नका.

विश्रांतीबद्दलची जुनी समजूतही आता सोडायला हवी. स्नायूला सूज आहे म्हणून पडून राहा, असं पूर्वी सांगत. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या फिजिओथेरपिस्टांनी गेल्या दोन-अडीच दशकांत दाखवून दिलं, की औषधांसोबत बेताचा, नियमित व्यायाम सुरक्षित आहे आणि त्याने ताकद वाढते, आजार भडकत नाही. अंथरुणात ठेवलेला रुग्ण दोनदा स्नायू गमावतो, एकदा आजाराने आणि एकदा पडून राहून.

कर्करोगाचा विषय नाजूक आहे. मोठ्या माणसांतल्या डर्मॅटोमायोसायटिसचा कर्करोगाशी संबंध आहे. आजार सुरू होण्याच्या आधी-नंतरच्या तीन वर्षांत तो सर्वांत ठळक असतो. बहुसंख्य रुग्णांना कर्करोग नसतो, हे आधी सांगा, मग विचारा. वजन घटलंय का, स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला का. तंबाखू आणि मिश्री विचारून तोंड उघडून पाहा. कुणाची किती खोल तपासणी करायची यासाठी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. चाळिशीच्या पुढचं वय, गिळायला त्रास आणि टीआयएफ-१ गॅमासारखी अँटीबॉडी असेल तर आम्ही जास्त खोल शोधतो.

मुलांना कर्करोगाची ही भीती जवळजवळ नाही, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष जास्त होतं. पाच-सात वर्षांचं मूल जिना चढताना कडेवर घे म्हणतं, खेळातून बाजूला बसतं, शिक्षक आळशी म्हणतात, घरी ओरडा बसतो. पेरांवर डाग, पापण्या सुजलेल्या. उशीर झाला तर कातडीखाली चुन्यासारख्या टणक गाठी होतात, त्या फुटतात, सांधे आखडतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, नुकतंच निदान झालेल्या १३९ मुलांमध्ये, नुसत्या स्टेरॉइडपेक्षा सुरुवातीपासून जोडीला मेथोट्रेक्सेट दिल्याने जास्त चांगला परिणाम दिसला. वेळेत आलेलं मूल पुन्हा शाळेच्या मैदानात धावतं, हे मी पाहते, म्हणूनच उशिरा आलेल्या मुलाकडे बघवत नाही.

पैशांचंही बोलते. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट आणि अझाथायोप्रिन आपल्याकडे स्वस्त आहेत. वेळेत निदान झालेल्या पुष्कळांचं त्यावर भागतं. गाडी अडते ती आयव्हीआयजीवर. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनणारं हे औषध. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ आठवड्यांनी ते घेणाऱ्या ७९ टक्के डर्मॅटोमायोसायटिसच्या रुग्णांना फरक पडला, नुसतं सलाईन घेणाऱ्यांत ४४ टक्क्यांना. प्रमाण किलोमागे २ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या बाईला एका खेपेला १२० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या, आणि अशा खेपा दर महिन्याला. शेतमजुराच्या घराला हे जन्मात परवडणारं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबामागे ५ लाखांचं झालं आहे, पण ते मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. मायोसायटिसचा खर्च वर्षानुवर्षं बाह्यरुग्ण विभागात होतो: दर महिन्याचं सीपीके, रक्तपेशी, अँटीबॉडी, गोळ्या. तालुक्याच्या आयएमएच्या बैठकीत, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या तुमच्या संघटनांत, आमदारांपुढे हा मुद्दा तुम्ही मांडलात तर तो ऐकला जाईल. मी एकटीने मांडला तर एका तज्ज्ञाचं म्हणणं म्हणून बाजूला पडतो.

तुमच्या शाखेच्या पुढच्या सीएमईमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षण-सत्रात, या विषयाला अर्धा तास द्या. मी येईन, कुठल्याही तालुक्याला, आणि स्लाइडऐवजी तपासणीचं टेबल घेऊन येईन. आम्हा तज्ज्ञांकडूनही एक गोष्ट व्हायला हवी. रुग्ण परत पाठवताना कोणतं औषध किती दिवस, कधी रक्त तपासायचं आणि काय देऊ नये, हे तुमच्यासाठी एका कागदावर स्वच्छ लिहून द्यायला हवं. आमच्यातले सगळे ते करत नाहीत. ज्यांचा रुग्ण तुम्ही पाहता त्यांच्याकडे तो कागद हक्काने मागा.

आणि पुढच्या वेळी एसजीपीटी वाढलेली, डोळे मात्र पांढरेशुभ्र असलेली एखादी बाई "ताकद नाही" म्हणत समोर बसली, तर तिला खाली बसून उठायला सांगा, तिचे हात पालथे करून पाहा, सीपीके लिहा. आकडा हजारांत आला तर रुग्ण समोर असतानाच तुमच्या जिल्ह्यातल्या संधिवाताच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना फोन लावा. जिल्ह्यात कुणी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन विभागाला लावा.

आपली,
जिल्ह्याच्या ठिकाणची एक संधिवाततज्ज्ञ